न मिटणारा चाकू

"खून करायला निघालाय असंच वाटलं की गं मला!" असं म्हणून भुवनेश्वरी आजही पोट धरून हसते. पण त्या दिवशी ती हसत नव्हती. त्या दिवशी ती चांगलीच घाबरली होती. हे मात्र ती कुणाला सांगत नाही, म्हणून इथं सांगून टाकलेलं बरं.

माकणीत बाजाराच्या रस्त्याला तिचं आणि नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खुरपी, विळे, कोयते, दोर, पाईप, खिळे, साखळ्या, सगळं मिळतं. नवरा सिद्धेश्वर गल्ल्यावर बसतो. बसतो म्हणजे पेपर तोंडावर घेऊन डुलक्या काढतो. गिऱ्हाईक ओळखणं, भाव करणं आणि बोलता बोलता त्याच्या घरची खबर काढणं, ही सगळी खाती भुवनेश्वरीकडं. माणूस पायरी चढला की त्याला काय पाहिजे ते आपल्याला आधीच कळतं, अशी तिला घमेंड. आणि नाहीच कळलं, तर ती ठरवून टाकते.

तर एप्रिलातला बाजारचा दिवस, ऊन डोक्यावर आलेलं. पायरीशी एक पन्नाशीचा काटकुळा माणूस येऊन थांबला. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल. दिसायला अगदी गरीब, चपातीला तूप लावलं तरी संकोचून हात आडवा धरणारा. पण आत यायच्या आधी त्यानं काय केलं? वर छताकडं बघितलं. पत्र्याखालचे अँगल एकेक करून बघितले. दाराजवळचा खांब बोटाच्या पेरानं वाजवला. मग आत आला.

भुवनेश्वरीनं मनात लगेच शिक्का मारला, चोर. पत्रा उचकटून कुठनं उतरायचं ते बघून ठेवतोय.

माणसानं मागं वळून रस्ता बघितला, काउंटरवर वाकला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "अक्का, चाकू दाखवा."

"भाजीचा का फळाचा?"

"न्हाय. भाजीचा न्हाय."

"मग नारळाला?"

"न्हाय." तो जरा घुटमळला. "एका हातानं काढता आला पाहिजे. वल्ल्या हातातून निसटता कामा न्हाय. आन् अंधारात, डोळ्याला काय दिसत नसताना, हाताला बरोबर घावला पाहिजे."

भुवनेश्वरीनं धीर करून विचारलं, "आणि कापायचं काय असतं तुम्हाला?"

"हाय एक काम."

"जाड किती?"

त्यानं अंगठा वर करून दाखवला. तो अंगठा बघताना तिला बाकीची चार बोटं दिसली. चारही बोटांच्या आतल्या बाजूनं एकच आडवी जखम, नुकती भरत आलेली. कुणाच्या तरी हातातलं पातं मुठीत धरल्यावर होईल तशी. आता चोर पुसला गेला आणि त्या जागी खुनी लिहिला गेला.

"आन् एक सांगतो," माणूस म्हणाला. "आमी सास्तूरचं. तिकडचं कुणी दुकानात आलं तर ह्यातलं बोलू नका. आमच्या मंडळींना तर मुळीच कळू द्यायचं न्हाय."

चाकू दाखवले नसते तर बरं झालं असतं, पण दुकानदाराचा हात सवयीनं आपोआप फळीकडं जातो. तिनं आधी मिटायचा चाकू पुढं केला. माणसानं तो उघडला, पात्याच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि जोर दिला. पातं खट्‌कन मिटलं.

"ह्यो मिटतो."

"मिटायलाच असतो की! खिशात राहावा म्हणून."

"म्हणूनच नको." आणि विंचू धरलाय असं वाटावं इतक्या जपून त्यानं तो चाकू खाली ठेवला.

दुसरा दाखवला, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीचा. तो त्यानं उन्हात धरून मूठ आणि पातं जिथं मिळतं त्या फटीत डोळा घातला, नख घालून बघितलं. "पात्याचं लोखंड मुठीत बोटभरच गेलंय, अक्का. बाकी मूठ पोकळ. जोर केला का मूठ माझ्या हातात आन् पातं खाली."

तिसरा चकाचक, पात्यावर गरुडाचं चित्र. तो त्यानं काउंटरवर वाजवला, कानाशी नेला. "टोक लईच निमुळतं केलंय. पहिल्याच दणक्याला जाईल."

दणका! भुवनेश्वरीनं चाकू घाईघाईनं मागं ओढून घेतला. "कोयता घेऊन जावा मग," ती म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिनंच जीभ चावली. खुन्याला वरून सल्ला!

"कोयता मोठा हुतो. कमरेला लावून हालचाल जमत न्हाय." आणि "बघतो" म्हणून माणूस निघून गेला.

पेपराखालून सिद्धेश्वरचा आवाज आला, "गिऱ्हाईक गेलं का?"

"गिऱ्हाईक न्हाय हो ते. कलम तीनशे दोन हाय."

"मग हातोडी दाखवायची," म्हणून सिद्धेश्वर पुन्हा झोपला.

आता भुवनेश्वरीसारख्या बाईला अशी गोष्ट पोटात ठेवून झोप येणार आहे का? तिनं दोन दिवसांत सगळी माहिती गोळा केली. नाव पंचाक्षरी. बायको गंगम्मा. धाकटा भाऊ हणमंतप्पा, त्याचं शेत शेजारी, धरणाच्या फुगवट्याला लागून. आणि बांधावरून दोघा भावांचं दहा वर्षं बोलणं बंद होतं. एवढं ऐकलं आणि तिनं टाळीच वाजवली. बंद आहे का बंद होतं, हे विचारायचं राहिलंच.

पुढच्या बाजाराला पंचाक्षरी पुन्हा हजर. या वेळी भुवनेश्वरीनं चाकूंची फळीच पोत्यानं झाकून ठेवली होती.

"चाकू संपले, अण्णा."

"पोत्याखालनं मुठी दिसत्यात की."

"ते... ते बुक झालेत."

"असू द्या. ह्ये बगा." त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, काउंटरवर सोडली. आत मोडक्या चाकूचे तुकडे. काळं पातं, त्याच्या पाठीला करवतीसारखे दात, पोकळ मुठीची दोन छकलं, चार काडेपेटीच्या काड्या आणि एक इवलंसं होकायंत्र. "आमचा पुतण्या उत्कर्ष पुण्याला असतो. त्येनं फोनवरून मागवून दिला. जंगलात हरवलेल्या माणसाला जगवतो म्हणं. अक्का, सास्तूरहून माकणीला यायला होकायंत्र कशाला लागतंय? रस्ता एकच हाय."

"आणि हा मोडला कसा?"

"करून बघितलं म्या."

"काय करून बघितलं?" तिचा आवाज चिरकला.

"आत खुपसला आन् आडवा पिळला. मूठच निखळली. खऱ्या वक्ताला असं झालं असतं तर म्या संपलोच हुतो की."

लाकडात खुपसला हे तो बोलला नाही, आणि कशात खुपसला हे विचारायची भुवनेश्वरीची ताकद नव्हती. एकदा डाव फसलाय, दुसरा टाकणार, इतकंच तिला कळलं. पोलिसात जावं तर काय सांगणार? एक माणूस चाकू घेत नाही म्हणून? तिनं ठरवलं, आधी त्याच्या बायकोच्या कानावर घालायचं. परगावच्या बाईचा का होईना, संसार वाचला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सिद्धेश्वरला दुकानात जागं करून बसवलं आणि उन्हाळी कुरडया विकत घ्यायचं निमित्त काढून सास्तूर गाठलं. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव ते, रस्ते रुंद, घरं ओळीत. घर विचारत विचारत ती पोचली आणि अंगणातच थबकली. लिंबाच्या सावलीला बाजेवर पंचाक्षरी बसला होता, आणि त्याच्या शेजारी डिट्टो त्याच्याच तोंडवळ्याचा, थोडा जाड माणूस. ज्याचा खून व्हायचा तो, खून करणाऱ्याच्याच ताटलीतल्या कलिंगडाच्या फोडी मटामटा खात होता.

तिला बघून पंचाक्षरीच्या हातातली फोड खाली पडली. "अक्का, तुमी हितं?"

"कुरडयांना आले." आणि ती सरळ स्वयंपाकघरात घुसली.

गंगम्मा भाकऱ्या थापत होती. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी बाई. भुवनेश्वरीनं ओळख सांगितली, पाणी प्यायली आणि मग भडाभडा सगळं ओतलं. "वैनी, तुमच्या माणसावर नजर ठेवा. दोन बाजार झाले, चाकू हुडकतायत. एका हातानं काढायचा, अंधारात चालवायचा. आणि तुम्हाला कळू द्यायचं न्हाय म्हणून बजावलंय."

गंगम्माचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तीन आठवडे झाले," ती हळूच म्हणाली. "एका दुपारी टॉवेल गुंडाळून घरी आलं हे माणूस. पॅन्ट कुठाय म्हणलं, तर म्हणं गाळात गेली. आता सांगा अक्का, माणूस घरी येतंय आन् पॅन्ट एकटीच गाळात जाती व्हय? तवापासून म्या गप बसून बघायली."

"अय्यो शिवा!" भुवनेश्वरी म्हणाली. आता प्रकरणात बाईही आली की काय? तिच्या डोक्यात चाकू आणि पॅन्ट एकमेकांना जाऊन मिळाले आणि तिसरीच गोष्ट तयार व्हायला लागली. पण गंगम्मानं तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन बाजेसमोर उभी राहिली.

"अहो. पॅन्ट कुठाय आन् चाकू कशाला पायजे? दोन्ही सांगा. आत्ता."

पंचाक्षरीनं भुवनेश्वरीकडं असं बघितलं की ती चटकन खांबाआड झाली. हणमंतप्पानं कलिंगडात मान घातली. मग म्हणाला, "सांग की आण्णा. किती दिवस दाबून ठिवणार?"

खरी गोष्ट अशी होती. दोघा भावांची मिळून एक मोटार आहे, फुगवट्याच्या पाण्यावर. चार निळी पिंपं एकत्र बांधून त्यावर मोटार तरंगत ठेवलेली. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, तराफा गाळात टेकतो, मग तो ढकलत आत न्यावा लागतो. वारं असलं की तराफा भलतीकडं पळतो, म्हणून दोर धरायला लागतो. आणि ढकलायला दोन्ही हात लागतात. म्हणून तिथली सगळी माणसं काय करतात, तर दोर कमरेला बांधतात. वर्षानुवर्षं बांधतात. मोटारवाल्यांत ज्याच्या कमरेला दोर नाही तो नवखा समजायचा.

त्या दिवशी वाऱ्याचा झोत आला, तराफा फिरला, दोर खाली कुणाच्या तरी जुन्या बुडालेल्या पाईपात अडकला आणि पंचाक्षरी पाण्याखाली ओढला गेला. गढूळ पाणी, हाताला हात दिसेना. गाठ फुगून दगड झालेली. खिशात मिटायचा चाकू होता. तो कसाबसा दातानं उघडून दोरावर धरला, जोर लावला, आणि तो मिटला. चार बोटांवर.

"मग?" गंगम्मानं विचारलं. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मग पॅन्टचा हूक काढला. दोर पॅन्टवरनं बांधलेला हुता. पॅन्ट दोरासकट सोडून दिली आन् तिच्यातनं वर निसटलो." पंचाक्षरीनं मान खाली घातली. "हणम्यानं बांबू घालून वर वडलं."

भुवनेश्वरीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही कुठं लपवावं ते कळेना. मग तिनंच तोंड उघडलं. "म्हणजे पॅन्ट मेली आणि तुम्ही वाचलात."

"अक्का, तुमी गप बसा."

"आणि छत कामून बघत होता माझं?"

उत्तर हणमंतप्पानं दिलं. "त्ये तर कुठंबी बगतो त्यो. भूकंप झाला तवा आण्णा विशीत हुता. आमच्या घराचं काय झालं त्ये जाऊ द्या. तवापासून वर बघितल्याबिगर कुठल्याच घरात पाय ठिवत न्हाय. सोयरीक बघायला गेलो तर पोरीच्या आधी ह्येनं त्यांची भिंत वाजवली."

"भिंत पास झाली म्हणून म्या पास झाले," गंगम्मा म्हणाली. हसली मात्र नाही. "आता ऐका. पाण्यात पाय घालायचा न्हाय. ऊस वाळू द्या."

"अगं, दहा-बारा दिवसांत मोटारीच्या पाईपाचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडतंय. हणम्याला पवता येत न्हाय. आन् दुसरा माणूस कशाला बोलवायचा? मोटार आपली आन् जीव त्येचा व्हय? दोर कमरेला न्हाय बांधत म्या आता, हाताला धरीन. पण खाली जुन्या दोऱ्या हायत, जाळी हायत, पायाला कायबी गुंडाळतंय. म्हणून चाकू पायजे. मिटणार न्हाय, मोडणार न्हाय, असा एक. चार महिन्यांतनं एकदा लागंल, पण लागंल तवा दगा देऊ नये."

गंगम्मानं त्याचा हात उलटा करून बोटांवरची जखम बघितली. मग म्हणाली, "तसा घावला तर आधी म्या बघणार. म्या दोर बांधणार. आन् माझ्या म्होरं पाण्याखाली एका वडीत तुटला पायजे. दुसऱ्यांदा वडायला खाली दम नसतोय. दोनदा वडावं लागलं का घरी."

"कबूल," पंचाक्षरी म्हणाला.

एवढा घोळ घातल्यावर भुवनेश्वरीला चाकू हुडकून देणं भागच होतं. तिच्या दुकानाशेजारी पिंपळाखाली बाजारच्या आदल्या दिवसापासून घिसाड्यांचं पाल पडतं. त्यातली बानूबाई घण मारते आणि तिचा नवरा भाता फिरवतो. बानूबाईचा घण आणि बानूबाईचं तोंड, दोन्ही सारखंच चालतं. भुवनेश्वरी पंचाक्षरीला तिच्यापुढं घेऊन गेली आणि स्वतः एका उलट्या डब्यावर बसली, तमाशा बघायला.

"ह्ये लोखंड कशाचं?" पंचाक्षरीनं पहिलाच प्रश्न टाकला.

"ट्रकच्या कमानीचा पाटा."

"कुठल्या ट्रकचा?"

"आता ट्रकचं गाव सांगू का, काका?"

"पलटी झालेल्या ट्रकचा असंल तर नको. आतनं चीर गेलेली असती."

"गाडी जुनी झाली म्हणून मोडीत काढली. चीर असती तर तापवल्यावर काळी रेघ दिसली असती. या, बघा, डोळे घाला भट्टीत!"

त्यानं खरंच वाकून बघितलं. रेघ नव्हती. मग आणखी एकदा, दुसऱ्या बाजूनं. भुवनेश्वरीनं आयुष्यात संशयी गिऱ्हाईकं पुष्कळ बघितली होती, पण भुवया जळेपर्यंत संशय घेणारं हे पहिलंच.

माप त्यानं ठरवून आणलेलं. सगळा मिळून वीतभर, त्यात निम्मी मूठ. पाठ जाड. टोक बेताचं, सुईसारखं नाही. आणि लोखंड एकसंध, टोकापासून मुठीच्या पार शेवटापर्यंत, मधे जोड नाही. बानूबाई घण घालत गेली, पाटा लाल होत गेला, आकार धरत गेला. पाणी द्यायची वेळ आली, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करायची, तेव्हा पंचाक्षरी पुन्हा आडवा आला.

"साध्या पाण्यात नको. तेलात दे. लई कडक झालं तर तुटंल. आन् लई नरम ठिवू नको, वाकंल."

"काका, चाकू करून घेताय का सून बघताय?"

"सून परत पाठवता येती एकवेळ," पंचाक्षरी म्हणाला.

बानूबाईनं घण खाली ठेवला आणि अशी हसली की भाता फिरवणाऱ्या तिच्या नवऱ्याचा हातच थांबला. पण पातं तेलातच दिलं, आणि नंतर निखाऱ्यावर जरा शेकून त्याचा कडकपणा उतरवला. मुठीला बाभळीच्या दोन फळ्या, आरपार तीन रिपिटा. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, ओल्या हाताला धरता यावी म्हणून. मुठीच्या शेवटी भोक, मनगटात अडकवायच्या दोरीसाठी.

मग सुरू झाली परीक्षा. बाभळीच्या ओंडक्यात टोक ठोकून त्यानं चाकू आडवा दाबला. पातं किंचित लवलं आणि परत सरळ झालं. पुन्हा दाबलं. बादलीत भिजवलेला दोर कापला. हाताला तेल चोपडून कापला. डोळे मिटून कापला.

"आता झोपेत कापून बघा," भुवनेश्वरी म्हणाली.

म्यानाचं अडलं. चामडं पाण्यात कुजतं, कापड भिजून धरून बसतं. तेव्हा मात्र भुवनेश्वरीचं डोकं चाललं. तिनं दुकानातून प्लास्टिकच्या पाईपाचा तुकडा आणला, बानूबाईच्या निखाऱ्यावर मऊ केला, चाकूला फडकं गुंडाळून आत घातला आणि फळीनं दाबला. थंड झाल्यावर चाकूच्या बेताचं म्यान तयार. पंचाक्षरीनं ते उलटं धरून झटकलं. एकदा, दोनदा, दहादा. चाकू पडला नाही.

"अण्णा, थांबा आता, तुम्हीच पडाल," ती म्हणाली.

सगळं मिळून त्या होकायंत्राच्या चाकूच्या निम्म्या किमतीत भागलं. पण पंचाक्षरीच्या तोंडावर खुशी नव्हती. चाकू कमरेला लावताना तो पुटपुटला, "हितं चालतोय. खाली काय करतोय त्ये बघायचं."

बाजारानंतर दोन दिवसांनी सकाळी सगळे फुगवट्याच्या काठाला जमले. पाणी मागं गेलेलं, गाळाला भेगा पडलेल्या, निळी पिंपं काठाशी तिरकी टेकलेली. पाईपाचं तोंड जेमतेम पाण्यात. हणमंतप्पा लांब बांबू घेऊन शेजारीच पाण्यात उभा राहिला. भुवनेश्वरी बानूबाईची आणि स्वतःची, दोघींची अब्रू घेऊन काठावर बसली.

गंगम्मानं साडी खोचली, पाण्यात उतरली आणि नवऱ्याच्या कमरेला स्वतः दोर बांधला. नवा कोरा नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड, भुवनेश्वरीच्याच दुकानातला. खोंडाला आवरायला घालतात तशी गाठ मारली, वर पाय देऊन ओढली. दोराचं दुसरं टोक तिनं खाली रोवलेल्या खुंटीला अडकवलं. "एक वड," तिनं आठवण करून दिली.

पंचाक्षरीनं छातीभर पाण्यात उभं राहून तिच्याकडं एकदा बघितलं. आणि तो खाली बसला. पाणी डोक्यावरून मिटलं.

काही दिसेना. नुसते बुडबुडे. भुवनेश्वरीनं आकडे मोजायला सुरुवात केली आणि चारावरच विसरली. गंगम्माचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. गढूळ पाण्यात एक कोपर वर आलं, हललं, पुन्हा हललं. आणि दोर खुंटीच्या बाजूनं सैल होऊन साप वळावा तसा पाण्यावर वळला.

पंचाक्षरी वर आला. मिशीला गाळ, डोळे लाल, उजव्या मनगटाला चाकू. गंगम्मानं सोडलेला श्वास काठापर्यंत ऐकू आला.

आणि भुवनेश्वरीला गप बसवलं असतं तर ती भुवनेश्वरी कसली? "दोन!" ती ओरडली. "कोपर दोनदा हललं, माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

गंगम्माचा चेहरा पडला. "दोनदा वडलं? चला घरी."

"दोनदा न्हाय!" पंचाक्षरी तोंडातलं पाणी थुंकत म्हणाला. "पयल्यांदा हललं त्ये म्यानातनं चाकू काढताना."

"म्यानातनं काढायला इतकं हलतंय व्हय? पाईप माझा हाय, मला माहीत न्हाय का? सहज निघतो."

"सहज? उलटा धरून दहादा झटकला तरी पडला न्हाय त्यो. तुमीच दाबून घट्ट केला आन् आता सहज म्हणता?"

"ते म्यानाचं सोडा. दोन म्हणजे दोन."

"हणम्या, तू सांग."

"म्या डोळं मिटलं हुतं," हणमंतप्पा म्हणाला.

"बघा! साक्षीदार पण आंधळा," भुवनेश्वरी म्हणाली. "वैनी, माझ्यावर इस्वास ठेवा. अण्णा दमलेत, घाबरलेत, कापलं असंल दोनदा. त्यात काय लाज हाय?"

गंगम्मानं चाकूसाठी हात पुढं केला. पंचाक्षरीनं चाकू दिला नाही. तो तसाच गाळ तुडवत काठावर आला आणि कमरेला लोंबकळणारं दोराचं टोक त्यानं भुवनेश्वरीच्या नाकापुढं धरलं.

"दुकानात दिवसाला किती येळा दोर कापता, अक्का?"

"मोजते का मी? तीस-चाळीस वेळा."

"कात्री बोथट झाली, दोनदा दाबावी लागली, तर टोक कसं दिसतं?"

उत्तर भुवनेश्वरीला चांगलं माहीत होतं. दोनदा कापलं की टोकाला पायरी पडते. काही पीळ आखूड राहतात, काही लांब, आणि मधे पिंजल्यासारखं होतं. गिऱ्हाईक तसं टोक बघितलं की तोंड वाकडं करतं.

"बगा की. धरा हातात."

तिनं टोक हातात घेतलं. फिरवून बघितलं. बोटाच्या पेरानं चाचपलं. उन्हात धरलं, डोळ्याजवळ नेलं. ते टोक सपाट होतं. काकडी कापावी तसं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, एकही पीळ पुढं-मागं नाही.

गंगम्मा पाण्यातून बघत होती. "काय हाय, अक्का?"

भुवनेश्वरी काहीतरी पुटपुटली.

"तिला ऐकू गेलं न्हाय," पंचाक्षरी म्हणाला. अंगावरनं पाणी निथळत होतं, पण तो जागचा हलला नाही. "सबंध बाजाराला ऐकू जातंय तुमचं बोलणं. आता कामून आवाज बसला? मोठ्यानं सांगा."

"एक," भुवनेश्वरी म्हणाली.

"आजून मोठ्यानं."

"एक हो, एक! एकाच वडीत कापलाय!" ती इतक्या जोरात ओरडली की तराफ्यावर बसलेले बगळे उडाले. आणि गंगम्मानं पुढं होऊन नवऱ्याच्या कमरेचा राहिलेला दोर सोडला आणि "आता हाताला धरायचा," म्हणून त्याच्या हातात दिला.